‘बर्मा’ म्हणून घेतलेले दार

सागवानाच्या वखारीत पाऊल टाकले की मालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘बर्मा दाखवू की सीपी?’ सीपी म्हणजे पूर्वीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमधला, आपल्याकडचा साग. विचारण्याची ढब अशी, की ‘सीपी’ म्हणणाऱ्याला उगीच ओशाळल्यासारखे व्हावे. घर काही रोज बांधायचे नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला मुख्य दारच दिसणार, तिथे कशाला काटकसर, असे म्हणत माणूस ‘बर्मा’ला हात घालतो आणि घनफुटामागे भरपूर जास्तीचे पैसे मोजून बाहेर पडतो. प्रस्तुत लेखक कोकणातल्या घराच्या चौकटी आणि मुख्य दार घेऊन असाच बाहेर पडला. वर्ष सरायच्या आत चौकटीच्या पायथ्याशी बारीक पिवळट भुकटी पडू लागली. पुढे जे लिहिले आहे त्याचा उगम त्या भुकटीत आहे आणि लेखकाचा राग अजून उतरलेला नाही, एवढे वाचकांनी गृहीत धरावे.

आधी ‘बर्मा’चा हिशेब. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची, म्हणजे ओंडक्यांची निर्यात बंद केली. चिरलेले लाकूड त्यानंतरही बाहेर जात राहिले. २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने निर्बंध घातले. तेव्हा ‘बर्माचा ओंडका आहे, आत्ताच चिरलाय’ असे वखारवाला सांगू लागला, तर तो ओंडका इतकी वर्षे कुठे पडून होता, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. विचारून पाहावे. समोरचा चहा मागवतो.

मग वखारीत येतो तो साग कुठला? घाना, बेनिन, टांझानिया, इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा, ब्राझील अशा देशांतल्या लागवडींमधला. माल कंटेनरने बंदरावर उतरतो, कांडल्याजवळ गांधीधामला गिरण्यांत चिरला जातो आणि पुढे देशभर जातो. हा माल खोटा नव्हे. शास्त्रीय नावाने तोही टेक्टोना ग्रँडिसच, म्हणजे गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलात आहे तोच साग. त्यामुळे वखारवाल्याला कोणी ‘हा साग नाही’ म्हणून पकडू शकत नाही. फरक वयाचा आहे. आपल्याकडे वनखात्याच्या जंगलात साग तोडायचे चक्र साधारण पन्नास ते ऐंशी वर्षांचे असते. परदेशातल्या लागवडीत वीस-पंचवीस वर्षांत झाड आडवे होते, आणि मधल्या विरळणीत निघणारा माल तर त्याहूनही कोवळा असतो. नव्वदच्या दशकात ‘सागाची रोपे घ्या, वीस वर्षांत लखपती व्हा’ अशा जाहिरातींनी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला भुरळ घातली होती. सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले, त्यामागे असल्याच लागवड योजना होत्या. त्या जाहिरातींत कधी न छापलेली गोष्ट म्हणजे झाड जाड होणे वेगळे आणि त्याचा गाभा तयार होणे वेगळे.

सारा खेळ या गाभ्याचा आहे.

सागाची कीर्ती काही वखारवाल्यांनी वाढवलेली नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानपट्ट्या आहेत; जुने वनअधिकारी सागाच्या टिकाऊपणाचा दाखला म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवत, आणि ते लाकूड दोन हजार वर्षे जागेवर आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात सागवानाचा उल्लेख आहे आणि रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, अशी सक्त ताकीदही. शनिवारवाड्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, असे सांगतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जी जहाजे बांधली, त्यांतले १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’ही मुंबईचेच, १८४२ मध्ये चीनने हाँगकाँग इंग्रजांना दिले तो नानकिंगचा तह त्याच्या डेकवर झाला. इंग्रजांचे स्वतःचे ओक लाकूड लोखंडी खिळे खाऊन टाकते, कारण त्यात आम्ल असते. सागातल्या तेलाने उलट लोखंडाला गंज कमी चढतो. नौदलाला साग हवा होता तो या गुणासाठी, दिसायला देखणा म्हणून नव्हे.

आणि ‘बर्मा’ या नावामागेही रक्त सांडलेले आहे. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने सागाच्या ओंडक्यांवरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवे होते, तिसरे ब्रह्मी युद्ध झाले आणि थिबा राजा कैदी होऊन रत्नागिरीला आला. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीत थिबा पॅलेस बघायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की या राजाच्या राज्यावर गदा आली ती सागाच्या ओंडक्यांच्या निमित्ताने?

आता हे लाकूड टिकते कशाने ते पाहू. वनस्पतिशास्त्रात साग पूर्वी निर्गुडीच्या कुळात धरत, आता तो तुळशीच्या कुळात गेला आहे. त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, ते वाळवीला सोसत नाही. शिवाय रबरासारखा एक चिकट अंश असतो, त्यामुळे रंधलेल्या सागावर हात फिरवला की मेणचट लागतो आणि पाणी चटकन मुरत नाही. वाळताना साग आकसतो फार थोडा: ओला असल्यापासून पार सुकेपर्यंत वर्तुळाच्या दिशेने पाचेक टक्के, त्रिज्येच्या दिशेने अडीचेक टक्के. वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, म्हणजे घनफुटाला अठरा-एकोणीस किलो. मजबुतीच्या मानाने हे वजन हलकेच. आम्लाला दाद देत नाही, म्हणून प्रयोगशाळांची टेबले आणि रसायनांची पिपे सागाची करत. एक खोडही आहे: लाकडात वाळूचा म्हणजे सिलिकाचा अंश असतो आणि त्याने करवतीची धार लवकर जाते. सुतार सागाची मजुरी जास्त सांगतो तेव्हा तो लुबाडतो आहे असे नेहमीच समजू नये.

हे सगळे गुण गाभ्याचे. गाभ्याभोवती, सालीच्या आत, जो पांढरट पिवळा पट्टा असतो, त्या ‘पांढऱ्या’त यांतला एकही गुण उतरत नाही. झाडाला जिवंतपणी तिथून रस पोचतो, तिथेच पिष्ट साठते, आणि लाकूड पोखरणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांना हे पिष्टच हवे असते. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते, अळी आतून पोखरत राहते आणि भुंगेरा बाहेर पडताना दीड-दोन मिलिमीटरचे गोल भोक ठेवून जातो. भोक दिसते तोपर्यंत आतले काम आटोपलेले असते. गाभ्याकडे हा किडा फिरकत नाही. म्हातारा ओंडका चिरला की पांढरा कडेला थोडा निघतो. कोवळ्या ओंडक्यात पांढराच जास्त आणि गाभा मध्यावर मूठभर. कोवळा साग ताकदीला कमी असतोच असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण चौकटीला ताकदीपेक्षा टिकाऊपणा लागतो.

लेखकाने पांढऱ्याविषयी विचारले नव्हते असे नाही. दोनदा विचारले होते. वखारीच्या शेठनी मेजाच्या खणातून लाकडाचा एक ठोकळा काढला, नखाने खरवडला आणि पुढे केला: ‘वास घ्या साहेब. चामड्याचा येतो की नाही? यालाच बर्मा म्हणतात.’ वास खरोखर चामड्याचा होता. तो ठोकळा बहुधा शेठच्या वडिलांच्या काळापासून खणात असावा. प्रत्यक्ष माल मात्र आला तो तपकिरी हात मारून. ‘कोकणात न्यायचाय, वाटेत ओलावा धरायला नको, म्हणून एक हात पॉलिश मारून दिलंय. त्याचे पैसे नाही लावले,’ असा वर उपकार. लाकडावरचा रंग इतका एकसारखा होता, की त्याखाली गाभा कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो, हे भिंग घेऊन बसणाऱ्यालाही कळले नसते.

उन्हाळ्यात चौकटीचे सांधे उघडले. जूनमध्ये दार खालच्या कोपऱ्याशी घासायला लागले. गावातल्या सुतारमामांना बोलावले, त्यांनी ओळंबा धरला आणि चौकटीला पीळ पडला आहे, लाकूड ओले लावले आहे, असे सांगून दार बिजागऱ्यांतून उतरवले. कड रंधायची म्हणून त्यांनी दार दोन स्टुलांवर आडवे घातले. पहिला रंधा फिरला आणि सालपट वळून बाहेर आले. मामांनी ते उचलून उजेडात धरले. एका अंगाने तपकिरी, दुसऱ्या अंगाने दुधट. त्यांनी दुसरा हात फिरवला, तिसरा फिरवला. दाराची कड पाहता पाहता पांढरी झाली, तपकिरी रंग जमिनीवरच्या सालपटांवर राहिला. मामा काही बोलले नाहीत. चौकटीपाशी जाऊन त्यांनी पटाशीने एक इंचभर पॉलिश खरवडले, मग जरा वर, मग आणखी वर. पाच इंच रुंदीच्या उभ्या लाकडात खऱ्या गाभ्याची तिरकी पट्टी दोन इंचांची, बाकी सगळे पांढरे. खाली भोके होती, भुकटी होती. मामांनी अंगठ्याचे नख दाबले तर ते रुतले.

‘कितीला घेतलंत?’ मामांनी विचारले. आकडा ऐकून ते रंधा पुसायला लागले.

या प्रसंगानंतर शेठशी जे संभाषण झाले ते लेखकाला अजून झोपेत आठवते. पहिल्या फोनला उत्तर असे, की ‘लाकूड जिवंत असतं साहेब, तुमच्याकडची हवा दमट, फुगणारच.’ आता फुगल्याने सांधे मिटतात, उघडत नाहीत. आणि लेखकाच्या चौकटीचे सांधे भर एप्रिलमध्ये उघडले होते. हे सांगितल्यावर शेठ म्हणाले, ‘मग तुमच्या सुतारानं काम बिघडवलंय.’ चाळीस वर्षे कोकणात दारे-खिडक्या करणाऱ्या माणसाबद्दल हे बोलणे, आणि तेही स्पीकरवर, मामा समोर उभे असताना. पांढऱ्याचे फोटो पाठवले तेव्हा, ‘सागाला पांढरं असतंच, ते काय मी लावलं?’ असा सवाल आला. रंग कोणी लावला, या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी लेखक स्वतः वखारीत जाऊन उभा राहिला, तर शेठनी बिल मागितले. बिलावर होते ‘लाकूड साईज’ आणि पुढे घनफूट. ‘बर्मा’ हा शब्द तोंडी होता, टीक हासुद्धा तोंडीच. मुनीमजींनी तेवढे बिल दोनदा बोटाने वाचून दाखवले.

लाकडाचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल आला: साग. तो निकाल शेठनी हातात घेतला आणि गल्ल्यावर बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवला. त्यांचा आनंद खोटा नव्हता. तपासणीत जात कळते, लाकूड कोणत्या देशातले आणि झाड किती वर्षांचे, हे त्यातून कळत नाही. निघताना शेठचा पुतण्या गाडीपर्यंत सोडायला आला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, ‘काका, एवढ्यात ओरिजिनल बर्मा मिळतो का कुठे? सगळ्यांना माहितीये.’ सगळ्यांना म्हणजे वखारीच्या उंबऱ्याच्या आतल्या सगळ्यांना. भरपाई म्हणून पॉलिशचा एक डबा फुकट देऊ केला होता. तो घेतला नाही.

तर ज्यांचे घर अजून व्हायचे आहे त्यांच्यासाठी.

रंग, पॉलिश, प्रायमर, लाखेचा हात, काहीही लावलेले लाकूड दारात उतरवून घेऊ नये. फुकट लावून देत असतील तर मुळीच नाही. वखारीतच प्रत्येक नगाच्या एका कडेला रंधा मारून दाखवायला सांगावे आणि दोन्ही टोके ताजी कापून घ्यावीत. कापलेल्या टोकाला गाभ्याची सीमा डोळ्यांनी दिसते. सागात वर्षावर्षाची वलये ठळक असतात, आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते; दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग असले की ती दिसते. ‘आफ्रिकन टीक’ या नावाने इरोको नावाचे लाकूडही विकले जाते. ते चांगले लाकूड आहे, पण साग नव्हे. त्याची छिद्रे सगळीकडे विखुरलेली असतात, अशी ओळ नसते. ‘ब्राझिलियन टीक’, ‘ऱ्होडेशियन टीक’ ही नावे ऐकली तरी तेच समजावे: नावात टीक आहे, झाड निराळे आहे. मनात शंका असेल तर बंगळुरूची लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था किंवा डेहराडूनची वन संशोधन संस्था तुकडा पाहून जात सांगतात. मात्र हे पैसे द्यायच्या आधी करावे. नंतर केले तर निकाल कोणाच्या उपयोगी पडतो, ते वर आलेच आहे.

बिलावर काय लिहून घ्यायचे? सागवान हा शब्द, मूळ देश किंवा डेपो, आणि ‘पांढरे नाही’ किंवा पांढरे असेल तर जास्तीत जास्त किती, एवढे तीन मुद्दे. वखारवाला म्हणेल, ‘असं कोणी लिहून देत नाही.’ देतात. जो देत नाही त्याच्याकडून निघून यावे. पांढरे असलेला साग टाकाऊ नसतो. भाव त्याप्रमाणे कमी हवा, आणि तो चौकटीला न वापरता आतल्या कामाला, औषध मारून वापरायचा असतो.

मापात लोक किती नाडले जातात हे लेखकाला त्या निमित्ताने कळले. चिरलेल्या लाकडाचे घनफूट काढायचे तर लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचे. सात फुटांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचा एक आडवा, ५ बाय अडीचचे, म्हणजे एका चौकटीला १.५२ घनफूट. आता तेच लाकूड प्रत्यक्षात पावणेपाच बाय सव्वादोन भरले, तर माल येतो १.३० घनफूट. पाव इंचाने काय होते, असे वाटते. चौदा-साडेचौदा टक्के पैसे जातात. करवतीची घट म्हणून थोडी सूट द्यायची रीत आहे, पण माप रंधण्याआधीचे की नंतरचे, हे आधी ठरवावे आणि टेप आपला न्यावा. गोल ओंडका घेणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. या जुन्या रीतीत खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच आकडा येतो, बाकी चिराईत जाणार असे धरलेले असते. म्हणून ओंडक्याचा भाव आणि चिरलेल्या लाकडाचा भाव शेजारी मांडून ‘किती स्वस्त’ म्हणण्यात अर्थ नाही.

ओलाव्याचे यंत्र, दोन सुया लाकडात टोचायचे, आता हजार-दोन हजारांत मिळते. दारे-खिडक्यांच्या लाकडात बारा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा. आयएस २८७ या भारतीय मानकात हवेतल्या दमटपणाप्रमाणे देशाचे चार पट्टे करून कोणत्या कामाला किती ओलावा चालेल ते दिले आहे. सुया कडेला नाही, मध्यावर टोचाव्यात. भट्टीत वाळवलेला माल म्हटला तरी टोचावे. हवेवर वाळवायचा तर इंचभर जाडीला साधारण वर्ष, हा सुतारांचा जुना अंदाज आहे. बांधकाम सुरू होतानाच लाकूड घेऊन सावलीत, खाली वर पट्ट्या घालून रचून ठेवणारे लोक शहाणे. आपल्याकडे स्लॅब पडल्यावर धावाधाव सुरू होते.

तीन ठिकाणी भाव काढावा. ओळखीचा सुतार सोबत न्यावा. गोड बोलणाऱ्यापासून जपून राहावे. हे सगळे आपण सगळेच जाणतो.

सीपीला नाक मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेले ते बल्लारशाच्या डेपोतून आणि नव्या संसद भवनाचे सागवान आले ते नागपूरहून. आलापल्लीला ‘वनवैभव’ नावाचा जुन्या झाडांचा राखीव तुकडा आहे. तो एकदा पाहावा, म्हणजे पूर्ण वाढलेला साग काय चीज आहे ते समजते. सरकारी डेपोतले लाकूड लिलावात, लॉटने जाते, एका घराला लॉट जास्त होतो. चार घरांनी मिळून घेतला तर परवडतो. फायदा असा, की त्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते, वाहतुकीचा परवाना असतो आणि लाकूड कुठून आले हे कागदावर राहते. मालकी जमिनीतला साग शेजारच्या गावात मिळत असेल तर उत्तमच. पण महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग अनुसूचित झाड आहे, स्वतःच्या परसातला असला तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. परवानगीचे कागद पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. टेम्पो तपासणी नाक्यावर अडकला तर लाकूड आणि इसारा दोन्ही जातात.

दुसरे असे, की सगळीकडे साग हवाच कशाला? कोकणातल्या जुन्या घरांत खांबांना ऐन, तुळयांना किंजळ, दारांना फणस सर्रास असे, आणि ती घरे उभी आहेत. फणसाचा गाभा पिवळाधमक असतो, पुढे तांबूस होतो, वाळवीलाही चांगला टिकतो. वीणा आणि मृदंगम त्याचेच करतात. कपाटांना आणि पलंगांना सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेले प्लायवूड पुरते. घन साग राखून ठेवावा तो ऊन-पाऊस खाणाऱ्या जागी: मुख्य दार, बाहेरच्या खिडक्या, झोपाळा, जिन्याचा कठडा. लेखकाच्या घराचे नवे दार मात्र फणसाचे आहे. मामांनी ते ओट्यावर बसून केले आणि कडा रंधताना प्रत्येक सालपट लेखकाला मुद्दाम दाखवले.

सागाचा भुसा काहींच्या अंगाला खाजतो, श्वासालाही त्रास देतो. घरात करवत चालवायची असेल तर मास्क हवा आणि लहान मुले लांब हवीत. सांधा चिकटवण्याआधी थिनरच्या बोळ्याने लाकडाचे तेल पुसून घ्यावे, नाहीतर डिंक धरत नाही. पांढरे लाकूड घरात असेलच तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी पॉलिशच्या आधी, उघड्या लाकडाला, दोन-तीन हात मारावे. पॉलिशवरून मारलेले आत जात नाही. कीड लागल्यावर भोकांत सिरिंजने औषध भरतात. लेखकाच्या मागच्या दोन चौकटी भिंतीत पक्क्या बसल्या आहेत, त्या काढायच्या तर गिलावा फोडावा लागेल. तिथे मामांनी सगळे पॉलिश खरवडून हेच केले आहे. भुकटी सध्या थांबली आहे. भुंगेऱ्याचे एक चक्र साधारण वर्षाचे असते, म्हणून पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पाहायचे आहे.

आणि ज्यांचे होऊन गेले आहे त्यांनी गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. सालपटे, खरवडलेला तुकडा, भुकटी पाकिटात घालून तारीख टाकून ठेवावी. दार दुरुस्त करण्याआधी फोटो काढावेत. आणि फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी मेसेज करून समोरच्याला पाठवावे, ‘आपण असे म्हणालात’ म्हणून. लेखकाच्या शेठनी अशा पहिल्या मेसेजला अंगठा दाखवला होता. तो अंगठा आता तक्रारीला जोडलेला आहे.